डायल बदलल्यापासून घड्याळ मधेच थांबतंय? सर्व्हिसिंगला टाकण्याआधी हे बघा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "पार्ट सगळे ओरिजिनल टाकलेत, तरी थांबतंय. हलवलं की चालू होतंय." जालन्याचे सळईवाले असोत, लातूरच्या मोंढ्यातले आडते असोत की नांदेडचे डॉक्टर, रोलेक्सची जुनी डेटजस्ट किंवा ओमेगाची सीमास्टर घ्यायची आणि तिचं रूप पालटून घ्यायचं ही हौस आपल्याकडं आता चांगलीच रुजलीय. पांढरी डायल काढून निळी, साधं बेझल (काचेभोवतीचं कडं) काढून खाचांचं, ऑयस्टर चेन काढून ज्युबिली. माल नकली नसतो, दुसऱ्या खऱ्या घड्याळातून निघालेला असतो. तरी थोड्याच दिवसांत घड्याळ अधूनमधून थांबायला लागतं. मग कुणीतरी सर्व्हिसिंग सुचवतं. मशीन उघडतं, धुतलं जातं, तेल पडतं, बिल होतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बदल करायच्या आधी मशीन नीट चालत होतं ना? मग दोष मशीनमध्ये शोधण्याआधी डायल आणि काच यांच्यामधल्या अरुंद जागेत शोधा. माझ्या टेबलावर येणारी अशी घड्याळं बहुतेक तिथंच अडकलेली असतात. पार्ट ओरिजिनल असणं आणि तो त्या घड्याळाचा असणं या दोन गोष्टींची गल्लत केली की हा ताप सुरू होतो.

आधी फोटो काढा, मग हलवा

घड्याळ थांबलेलं दिसलं की हात आपोआप ते हलवायला जातो. थांबा. समोरून एक सरळ फोटो काढा. तिन्ही काटे कुठं आहेत, तारीख पूर्ण बसलीय की अर्धवट लटकलीय, हे फोटोत दिसायला हवं. घड्याळ कसं ठेवलं होतं तेही लिहा: पाठीवर, पालथं, की कडेवर उभं. असे चार-पाच फोटो जमू द्या.

तास काटा आणि मिनिट काटा बारा तासांत ११ वेळा एकमेकांवर येतात, म्हणजे सुमारे दर ६५ मिनिटं २७ सेकंदांनी. १२ वाजता, मग १:०५, २:११, ३:१६, ४:२२, ५:२७, ६:३३, ७:३८, ८:४४, ९:४९ आणि १०:५५. तुमच्या फोटोंतल्या वेळा या यादीच्या मिनिटभर इकडंतिकडं पडत असतील, तर हे दोन काटे एकमेकांना घासतायत. दुसरं काही शोधायचं कारण नाही.

वेळ दर वेळी वेगळी, पण मिनिट काटा कायम एकाच खुणेवर, समजा ४० वर, तर डायलवरची ती उठावाची खूण काट्याच्या टोकाला लागतेय. तास आणि मिनिट कुठंही, पण सेकंद काटा मात्र दर वेळी त्याच जागी, तर डायल एका बाजूला कलली आहे किंवा काच त्या बाजूला खाली बसली आहे. मध्यरात्रीच्या आधी तासा-दोन तासांत थांबत असेल तर तारखेच्या चकतीकडं बघायचं. आणि फोटोंत कसलाच मेळ लागत नसेल तर मगच मशीनवर संशय घ्या. तेव्हाही आधी कचऱ्यावर, त्याबद्दल पुढं लिहिलंय.

"तुमच्याकडं चालतंय, घरी नेलं की थांबतंय"

जालन्याच्या एका व्यापाऱ्याची १६२३४ मॉडेलची डेटजस्ट. चंदेरी डायल काढून रोमन आकड्यांची निळी डायल बसवून घेतलेली, बाहेरच्या शहरातून. घड्याळ दोन दुकानं फिरून आलेलं, दोन्हीकडं ठणठणीत चाललेलं. "तिकडं आठ-आठ दिवस ठिवलं, एकदा बी थांबलं नाही. घरी आणलं की पहाटं बंद. आता काय म्हनावं सांगा," असं म्हणत त्यांनी डबी टेबलावर ठेवली. फोटो मागितले तर मुलानं मोबाईलमधून काढून दिले. एक ३:१६ चा, दोन ४:२२ चे. आणि तिन्हींत चेन उघडून पसरलेली, कपाटाच्या आरशात दिसत होतं की घड्याळ मखमलीवर पालथं ठेवलेलं होतं आणि फोटोसाठी नुसतं उचलून धरलेलं.

दुकानात घड्याळ पाठीवर पडून असतं, डायल वर. तास काटा ज्या चाकावर बसतो त्या चाकाला वर-खाली किंचित ढिलाई असते, ती असावीच लागते. पाठीवर ठेवलं की चाक मशीनच्या बाजूला टेकून खाली राहतं. पालथं केलं की तेच चाक तास काट्यासकट मिनिट काट्याकडं सरकतं. सरकणं केसभराचं. पण जागाच केसभर ठेवली असेल तर काटा अडतो. मनगटावर हात हलत राहतो, म्हणून दिवसा थांबत नाही. पहाटे घड्याळ स्थिर असतं, कमानीतला जोरही थोडा उतरलेला असतो, आणि काटे एकमेकांवर आले की अडकतात.

हे झालं कसं? नव्या डायलवरचे रोमन आकडे उठावाचे होते. ते चुकवायला बसवणाऱ्यानं तास काटा जरा वर ठेवला, ते ठीकच केलं. पण मिनिट काटा जुन्याच उंचीवर दाबला. दोघांतलं अंतर खाल्लं गेलं. मशीनला हातसुद्धा न लावता काम झालं: काटे काढून तास काटा आकड्यांच्या वर जेमतेम मोकळा राहील इतका खाली, मिनिट काटा थोडा वर, सेकंद काटा त्याच्याही वर, आणि तिन्ही डायलला समांतर.

हे स्वतः बघायचं असेल तर घड्याळाची केस उघडावीही लागत नाही. घड्याळ डोळ्याच्या पातळीला आडवं धरा, चावी उजवीकडं. मागं पांढरा कागद, बाजूनं दिवा, डोळ्याला भिंग. काचेच्या कडेतून आत बघत चावी ओढून काटे हळूहळू पूर्ण बारा तास फिरवा. प्रत्येक भेटीला थांबा. दोन काट्यांमधून कागदाचा पांढरा पट्टा सलग दिसला पाहिजे. टोकाकडं तो बारीक होत नाहीसा होत असेल तर काटा वाकलाय. मग घड्याळ पालथं करून खालून वर बघत तोच फेरा पुन्हा करा. बरेचजण हा दुसरा फेरा करतच नाहीत, आणि दोष तर तिथंच असतो.

काचेला सेकंद काटा लागत असेल तर काचेच्या आतल्या बाजूला भिंगातून एक पुसटशी गोल रेघ सापडते. नीलमणी काचेवर ओरखडा पडत नाही, पण काट्याचा रंग घासून तिथं लागलेला दिसतो.

टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) असलेल्यांसाठी एक चाचणी. पूर्ण चावी देऊन घड्याळ १०:१० ला लावा, ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतलं तोलचाक किती अंश झुलतं ते, बघा. निरोगी मशीन डायल वर असताना साधारण २७० ते ३१० अंश दाखवतं. मग १:०५ ला लावून पुन्हा बघा, आधी पाठीवर, मग पालथं. भेटीच्या वेळीच आकडा खाली बसत असेल तर घासतंय हे कागदावर आलं. लिफ्ट अँगल (टाइमग्राफरमध्ये भरायचा, त्या मशीनचा ठरलेला कोन) मात्र मशीनप्रमाणं भरा: रोलेक्स ३१३५ ला ५२, ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ ला ५०, सेइकोच्या एनएच३५ ला ५३. चुकीचा कोन भरला तर ॲम्प्लिट्यूड खोटा येतो आणि चांगल्या मशीनवर सर्व्हिसिंगचा शिक्का बसतो.

डायलचे पाय

डायलच्या मागं दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत जाऊन पेचानं धरले जातात. पायांची जागा मशीनप्रमाणं ठरलेली. १६०१४ आणि १६२३४ या दोन्ही ३६ मिलिमीटरच्या डेटजस्ट, शेजारी ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येत नाहीत अशा. पण पहिलीत १९७७ मध्ये आलेलं ३०३५ मशीन आहे, दुसरीत १९८८ पासूनचं ३१३५, आणि दोघांच्या डायलच्या पायांची जागा वेगळी. विकणारा "डेटजस्ट ३६ ची ओरिजिनल डायल" म्हणून देतो, ते खोटंही नसतं. बसवणारा पाय जात नाहीत म्हटल्यावर ते कापतो आणि चिकट ठिपके लावून डायल चिकटवतो.

इथून पुढचे तीन दोष एकदम सुरू होतात. ठिपक्यांच्या जाडीनं डायल वर उचलली जाते आणि काट्यांची जागा कमी होते. ठिपके एकसारखे दबत नाहीत, म्हणून डायल कलते. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, ४२ अंशांत उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ राहिलं की चिकटा मऊ होऊन डायल किंचित फिरते. तारीख खिडकीच्या मधोमध राहत नाही, काटे १२ ला बरोबर जुळत नाहीत. ठिपके बदलून हे तात्पुरतं दबतं, उन्हाळ्यात पुन्हा वर येतं.

पाय कापलेली डायल माझ्या लेखी ओरिजिनल राहिली नाही. विकायला गेलात तर भिंग लावणाराही तेच म्हणेल. म्हणून डायल घेण्याआधी आपल्या घड्याळाचा क्रमांक बघा. या पिढीच्या डेटजस्टमध्ये चेन काढल्यावर १२ च्या बाजूच्या दोन शिंगांमध्ये (चेन जिथं अडकते तिथं) मॉडेल क्रमांक कोरलेला असतो, ६ च्या बाजूला सिरीयल. विकणाऱ्याला डायलच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, पायांसकट. द्यायला कां-कूं करत असेल तर विषय सोडा.

जाता जाता, एनएच३५ वर घड्याळ जुळवणाऱ्या पोरांसाठी. तास आणि मिनिट काट्याची भोकं ईटीए २८२४ सारखीच, १.५० आणि ०.९० मिलिमीटर. सेकंद काटा मात्र ईटीएला ०.२५, एनएच३५ ला ०.२०. ईटीएचा काटा तिथं बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच खड्ड्यात निसटतो. आणि खड्डे आपल्याकडं कमी नाहीत.

तारखेचे घोळ

तारीख दुपारी १२ ला बदलत असेल तर घड्याळ बारा तास पुढं करा, विषय संपला. यासाठी पैसे घेणारे आहेत म्हणून लिहावं लागतं.

तारीख रात्री सव्वाबाराला किंवा पावणेबाराला बदलत असेल तर काटे लावताना चूक झालीय. काटे काढलेल्या अवस्थेत चावी पुढच्या दिशेनं हळूहळू फिरवत तारीख ज्या क्षणी उडी मारते तिथं थांबायचं आणि सगळे काटे १२ वर लावायचे. उडी उलटून गेली तर मागं फिरवून जुळवायचं नाही, कारण गिअरांतली ढिलाई त्यात मिसळते. पुन्हा पूर्ण फेरा करायचा. ३१३५ ची तारीख मध्यरात्री क्षणात उडते, त्यामुळं पाच मिनिटांचा फरकही डोळ्यात भरतो. २८२४ ची तारीख सावकाश सरकते, तिथं दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं झालं तर मी हात लावत नाही.

तारीख अर्धवट लटकून घड्याळच थांबत असेल तर तो खरा अडथळा. डायल खालून चकतीवर दाब देतेय. पाय वाकडे असतील, डायल मधे किंचित खचलेली असेल, किंवा आत्ता सांगितलेले ठिपके चकतीच्या वाटेत आले असतील. डायल काढून नुसतं मशीन तारखेच्या फेऱ्यातून फिरवून बघा. मोकळं फिरतंय? मग मशीनला दोष देऊ नका. रात्री ९ ते पहाटे ३ दरम्यान चावीनं तारीख पटकन बदलायची सवय असेल तर ती सोडा, २८२४ सारख्या मशीनात तारखेचे दात त्यातच मोडतात.

पिवळी पूड

जुनी डायल आणि जुने काटे यांच्यावर अंधारात चमकणारा जो लेप असतो, तो १९९८ च्या सुमारापर्यंत रोलेक्समध्ये ट्रिटियमचा होता. डायलच्या तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी अक्षर दिसतं, ती ही खूण. ट्रिटियमचं अर्धआयुष्य साधारण १२.३ वर्षं, म्हणजे चमक कधीच गेलेली. राहिलेला लेप कोरडा आणि ठिसूळ. काटे उपसताना, दाबताना त्याचे कण सुटतात आणि डायलच्या खिडकीतून, मधल्या भोकातून मशीनमध्ये जातात. फोटोंत कसलाच मेळ नसलेली, कधी आठ दिवस चालणारी, कधी दिवसातून दोनदा थांबणारी घड्याळं या पुडीनं आजारी असतात. फुंकून ती निघत नाही, उलट आत जाते. इथं मशीन खरोखर उघडून साफ करावं लागतं, आणि त्याआधी काट्यांच्या मागून लेपाला आधार द्यावा लागतो, नाहीतर पुन्हा तेच.

रात्री काटे चमकतात पण डायल अंधारी, असं असेल तर काटे नंतरच्या काळातले आहेत. चालायला अडचण नाही. पण "सगळं एकाच घड्याळाचं आहे" असं सांगून कुणी किंमत लावली असेल तर विचारायला हरकत नाही.

बाहेरच्या धुळीबद्दल एवढंच की आपल्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात काय काय करते ते घरोघरी ठाऊक आहे. डायलचं काम पंखा बंद, खिडक्या बंद, फरशी ओली पुसून करायचं. ज्या दुकानात रस्त्याकडं तोंड करून उघड्यावर डायल काढतात, तिथं सेल बदला, डेटजस्ट देऊ नका.

थांबत नाही, पण वेळ चुकते

दिवसाला काही मिनिटं पुढं पळत असेल तर चुंबक. घड्याळाजवळ साधं होकायंत्र धरा, सुई थरथरली तर चुंबकत्व काढून घ्या, दोन मिनिटांचं काम. उलट, टाइमग्राफर सगळं छान दाखवतो आणि तरी मिनिट काटा रोज मागं पडतो, तर काट्याची नळी ढिली आहे किंवा तो ज्या पिनियनवर (छोट्या दातेरी नळीवर) बसतो त्याची पकड गेलीय. काटे घट्ट दाबून बसतात. हौसेनं चार वेळा डायली बदलल्या की नळी सैल होणारच. नळी आवळता येते, पण किती वेळा?

बेझल बदललं आणि काचेत वाफ आली

साधं बेझल काढून पांढऱ्या सोन्याचं खाचांचं लावणं हा १६२०० मॉडेलच्या डेटजस्ट मालकांचा आवडता बदल, आणि केस तीच असल्यानं ते बसतंही. पण डेटजस्टमध्ये बेझल नुसतं शोभेचं नाही. काचेभोवती नायलॉनची रिंग असते, बेझल दाबून बसलं की ती आवळली जाते आणि पाणी अडतं. बेझल निघालं की रिंग नवी टाकायचीच. जुनी टाकली तर पावसाळ्यात, किंवा उन्हातून एसीत शिरलं की, काचेच्या आत धुकं दिसतं. दाबताना काच फिरली तर तारखेवरचं अडीच पटीचं भिंगही वाकडं बसतं, तेव्हा ते तिथंच तपासून घ्या.

घड्याळ १०० मीटरचं आहे असं म्हणून कुणी बादलीत बुडवून दाखवत असेल तर करू देऊ नका. हवेच्या दाबावर चालणारं कोरडं यंत्र असतं, त्यावर तपासतात. ते नसेल तर घड्याळ ४०-४५ अंशांच्या गरम पत्र्यावर नीट तापू द्या, काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब मिनिटभर ठेवा, पुसा. आतून त्या जागी धुकं राहिलं तर आत ओल आहे, आणि मग मात्र उशीर नको, कारण गंज आठवडा-पंधरवड्यात दिसू लागतो.

नव्या घड्याळात यातलं काहीच करू नका. २०१५ पासून रोलेक्स पाच वर्षांची हमी देतं आणि बाहेर उघडलेल्या घड्याळावर ती लागू राहत नाही. जुन्याचंही, त्या क्रमांकाला न लागणारा भाग दिसला तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर काम नाकारू शकतं किंवा मूळ भाग परत बसवायला सांगू शकतं. म्हणून काढलेली डायल, काटे, बेझल दुकानदाराकडं सोडून येऊ नका. डायल कोरड्या डबीत, पाय वर करून, काटे वेगळ्या पुडीत, आणि पुडीवर पेन्सिलीनं घड्याळाचा क्रमांक व मशीनचा नंबर.